गॉथिक वास्तूचे जुने छायाचित्र कसे वाचावे

१८५१ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या ऐतिहासिक वास्तू आयोगाने पाच छायाचित्रकारांना देशाच्या वेगवेगळ्या भागांत धाडले. आंरी ल सेक, गुस्ताव्ह ल ग्रे, मेस्त्राल, एदुआर बाल्द्यूस आणि इपोलित बायार ही ती पाच नावे. १८३७ साली स्थापन झालेल्या या आयोगापुढे पडझडीला आलेल्या शेकडो वास्तूंची यादी होती, आणि कोणत्या वास्तूवर आधी खर्च करावा हे ठरवण्यासाठी प्रत्येकीची त्या क्षणीची अवस्था डोळ्यांपुढे असणे आवश्यक होते. म्हणजेच, जिथे पुढे गवंड्यांच्या परांच्या चढणार होत्या, तिथे बहुधा आधी कॅमेरा पोहोचला. गॉथिक, म्हणजे युरोपच्या मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या शैलीतल्या, चर्चच्या आरंभीच्या छायाचित्राकडे पाहताना ही एक गोष्ट मनाशी बाळगली, तर पुढचे बरेच काम सोपे होते: अशा चित्रात आपल्याला मध्ययुगीन वास्तू शांतपणे उभी दिसत असली, तरी ती मोठ्या बदलाच्या उंबरठ्यावर उभी असते, आणि त्या बदलाच्या कोणत्या बाजूला आपण आहोत हे शोधणे म्हणजेच ते छायाचित्र वाचणे.

पुढील पद्धत संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळणाऱ्या मोठ्या आकाराच्या प्रतींसाठी तशीच प्रत्यक्ष हातात आलेल्या जुन्या छापेसाठीही (प्रिंटसाठीही) उपयोगी पडते. साधने थोडीच लागतात: एक चांगले भिंग, वास्तूचा उत्तर दिशा दाखवणारा नकाशा आणि कागद-पेन्सिल. छाप अस्सल असेल तर ती कडेने धरावी आणि तिच्या पृष्ठभागाला बोट लावू नये.

आधी वास्तूची जंत्री करावी

चित्राकडे वळण्यापूर्वी त्या वास्तूत एकोणिसाव्या शतकात काय काय बदलले याची जंत्री एका कागदावर मांडावी. चर्च बाराव्या शतकातले की तेराव्या, या माहितीचा इथे फारसा उपयोग नाही. आपल्याला हवे असतात ते १८३९ नंतरचे बदल, कारण दागेर या फ्रेंच माणसाची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे आली ती त्या वर्षी. कोणता मनोरा कधी पुरा झाला, कोणता सुळका (छतावरचे किंवा मनोऱ्यावरचे उंच निमुळते टोक) कधी उतरवला, समोरची घरे कधी पाडली, कोणत्या मूर्ती नव्याने बसवल्या, या नोंदी मिळतील तितक्या वर्षांसह लिहाव्यात.

पॅरिसचे नोत्र दाम हे कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, यासाठी सर्वांत चांगले उदाहरण आहे. तिथला मध्ययुगीन सुळका अठराव्या शतकाच्या अखेरीस काढून टाकला गेला होता. जीर्णोद्धाराचे काम १८४४ साली लास्यू आणि विओले-ल-द्यूक या वास्तुविशारदांकडे आले आणि नवा सुळका १८५९ मध्ये उभा राहिला. तेव्हा छतावर सुळका नसलेले जुने छायाचित्र १८५९ पूर्वीचे, हा निष्कर्ष बिनदिक्कत काढता येतो. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत तोच सुळका कोसळल्यामुळे सुळका नसलेली चित्रे पुन्हा निघाली. पण त्यांचा गोंधळ जुन्या छापेशी होण्याची भीती नाही. दुसरी खूण दर्शनी बाजूवर आहे. तीन दारांच्या वर राजांच्या अठ्ठावीस मूर्तींची जी ओळ आज दिसते, ती फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, फोडली गेली होती आणि जीर्णोद्धारात नव्या मूर्ती बसेपर्यंत ते सज्जे रिकामे होते. ओळ रिकामी दिसणारे छायाचित्र म्हणजे काम तिथवर पोहोचण्यापूर्वीचे. फोडलेल्या मूर्तींपैकी अनेक शिरे १९७७ साली पॅरिसमध्येच जमिनीखाली सापडली आणि आज ती क्लूनी संग्रहालयात आहेत.

कोलोनच्या कॅथीड्रलची खूण तर दुरूनही ओळखू येते. तिथले बांधकाम सोळाव्या शतकात थांबले आणि अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर दगड चढवण्याची मध्ययुगीन लाकडी यारी तशीच उभी राहिली. ती शहराची ओळखच होऊन बसली. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, यारी १८६८ मध्ये उतरवली गेली आणि १८८० मध्ये १५७ मीटर उंचीचे दोन्ही मनोरे पुरे झाले. एका चित्रात यारी, दुसऱ्यात परांच्यांचे जंगल आणि तिसऱ्यात पूर्ण सुळके, अशी तीन छायाचित्रे शेजारी ठेवली की कोणालाही त्यांचा क्रम लावता येईल. फ्रान्समध्ये रूआँच्या कॅथीड्रलचा ओतीव लोखंडाचा सुळका असाच उपयोगी पडतो, कारण तो कित्येक वर्षे अर्धवट राहून १८७६ मध्ये पुरा झाला.

डावे-उजवे तपासावे

जंत्री झाली की पहिला प्रश्न विचारावा तो चित्र सुलट आहे की नाही, हा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. दागेरच्या पद्धतीचे चित्र, म्हणजे दागेरोटाइप, ही चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटलेली एकमेव प्रतिमा. तिला निगेटिव्ह नसते, आणि कॅमेऱ्यापुढे आरसा किंवा लोलक लावला नसेल तर ती आरशातल्यासारखी उलटी येते. कागदी निगेटिव्हही चुकून उलट्या बाजूने छापली जाऊ शकते. त्यामुळे आधी सुलटेपणा, मगच दिशा आणि ऊन यांचा विचार, असा क्रम ठेवावा. नाहीतर पुढचे सारे गणित उलटे होते.

गॉथिक चर्चच्या बाबतीत ही परीक्षा सुदैवाने सोपी आहे, कारण शतकानुशतके रखडलेल्या बांधकामामुळे अनेक चर्चचे दोन मनोरे सारखे नाहीत. शार्त्रच्या कॅथीड्रलच्या दर्शनी बाजूसमोर उभे राहिल्यास डावीकडे नक्षीदार आणि अधिक उंच, सुमारे ११३ मीटरचा, सोळाव्या शतकातला सुळका दिसला पाहिजे आणि उजवीकडे साधा, सुमारे १०५ मीटरचा, बाराव्या शतकातला. स्ट्रासबुर्गला दोनांपैकी एकच सुळका बांधला गेला, आणि समोरून पाहताना तो डावीकडे असतो. मनोरे सारखेच असतील तर दुकानाची पाटी किंवा घड्याळाची तबकडी भिंगाखाली शोधावी. एक सावधगिरी मात्र हवी: काही संग्रहालये दागेरोटाइपची डिजिटल प्रत सुलट करून देतात, तेव्हा प्रतीखालची टीप वाचल्याशिवाय मूळ पत्र्याविषयी काही ठरवू नये.

कागद, काच की पत्रा

आता वस्तूकडे वळावे. दागेरोटाइप ओळखायला वेळ लागत नाही. पत्रा हातात जरा फिरवला की प्रतिमा कधी उजळ दिसते, कधी निगेटिव्हसारखी काळी होते, आणि मध्येच पाहणाऱ्याचा स्वतःचाच चेहरा त्यात उमटतो.

कागदावरची चित्रे अधिक लक्ष मागतात. इंग्लंडमध्ये टॅल्बॉटने १८४१ साली कॅलोटाइपचे पेटंट घेतले. त्यात निगेटिव्ह कागदाची असे आणि तिच्यावरून कितीही छापा काढता येत. ल ग्रेने त्यात एक मोठी सुधारणा केली. रसायने चढवण्यापूर्वीच त्याने कागद मेणात भिजवला, त्यामुळे कागद पारदर्शक झाला, त्याचे तंतू कमी आड येऊ लागले, आणि मुख्य म्हणजे तयार केलेला कागद कित्येक दिवस टिकू लागला. खेचरावर किंवा घोडागाडीत सामान लादून गावोगाव फिरणाऱ्यासाठी ही सोय किती मोठी असेल, याची कल्पना करता येते: कागद मुक्कामावर तयार करायचे, दिवसभर चित्रे घ्यायची, आणि ती धुण्याचे काम नंतर सवडीने. १८५१ च्या मोहिमेवरच्या छायाचित्रकारांना कागदाचा मोठा आधार होता. बायारने मात्र काच निवडली, आणि त्याच्या त्या प्रवासातल्या निगेटिव्ह आज कोठेच मिळत नाहीत.

कागदी निगेटिव्हवरून निघालेल्या छापेत भिंगाखाली एक मऊ, किंचित रवाळ पोत दिसतो. कोरीव कामाच्या कडा धारदार नसतात, पण सावलीतले मोठे आकार एकसंध आणि भरदार येतात. मला स्वतःला गॉथिक दगडासाठी हा पोत काचेच्या काटेकोरपणापेक्षा अधिक जवळचा वाटतो, कारण झिजलेला चुनखडीचा दगड मुळातच तसा दिसतो. त्याच वर्षी, १८५१ मध्येच, फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियन या चिकट द्रवाचा थर ओतून तो ओला असतानाच चित्र घेणे आणि लगेच धुणे भाग असल्याने छायाचित्रकाराला तंबूतली अंधारखोली सोबत न्यावी लागे; पण बारकावा इतका येई की दारावरच्या लहान मूर्तींची बोटेही मोजता यावीत. रॉजर फेंटनने १८५० च्या दशकात लिंकन, सॉल्सबरी, वेल्स अशा इंग्लिश कॅथीड्रलची चित्रे याच पद्धतीने घेतली.

निगेटिव्ह कशाची हे ठरले की छापेचा कागद पाहावा. आधीच्या छापा मिठाच्या पाण्यात भिजवून चांदीचे संस्कार दिलेल्या साध्या कागदावर आहेत. त्यांना चकाकी नसते आणि प्रतिमा कागदाच्या तंतूंत मुरल्यासारखी दिसते. १८५० मध्ये ब्लांकार-एव्रारने अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद आणला. त्याला मंद चकाकी असते, प्रतिमा वरच्या थरात बसलेली असते, उजळ भाग कालांतराने पिवळे पडतात, आणि कागद पातळ असल्यामुळे तो बहुधा जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आढळतो. त्या काळी कागद निगेटिव्हखाली थेट दाबून छाप उन्हात काढत, म्हणून छापेचा आकार हाच निगेटिव्हचा आकार समजावा. मोठी छाप म्हणजे तेवढाच मोठा कॅमेरा.

इथे एका घोटाळ्यापासून जपावे. छापेचा कागद छाप कधी निघाली ते सांगतो. चित्र कधी घेतले ते सांगत नाही. ल सेकने पुढे आपल्या जुन्या निगेटिव्हवरून निळ्या रंगाच्या सायनोटाइप छापा काढल्या. त्या निळ्या छापेतली वास्तू १८५० च्या दशकातली असते आणि कागद बऱ्याच नंतरचा. आपल्या टिपणात ही दोन वर्षे नेहमी वेगवेगळी लिहावीत.

आभाळ, माणसे आणि ऊन

त्या काळची रसायने निळ्या प्रकाशाला फार लवकर आणि लाल-पिवळ्याला फार उशिरा दाद देत. म्हणून भिंतीची नक्षी नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरे फट्ट होऊन जाई, आणि कागदी निगेटिव्हमध्ये ते पुष्कळदा डागाळलेलेही येई. त्यावर उपाय म्हणून छायाचित्रकार निगेटिव्हवरचे आभाळ काळ्या शाईने भरून टाकत. भिंग घेऊन मनोऱ्याच्या कडेने हळूहळू वर जावे. जिथे शिल्पाची बारीक टोके एकाएकी गुळगुळीत रेषेत संपतात, तिथे कुंचला फिरला आहे असे समजावे. त्या जागी एखादा लहान सुळका किंवा परांचीची टोके दिसत नाहीत, यावरून ती नव्हतीच असे म्हणता येत नाही. स्ट्रासबुर्गच्या लालसर वालुकाश्माच्या बाबतीत दुसरी काळजी घ्यावी: हा दगड चित्रात प्रत्यक्षापेक्षा काळवंडलेला येतो, तेव्हा केवळ काळेपणावरून भिंत धुराने माखली होती असे ठरवू नये.

रस्ते ओस का, याचे उत्तर वेळेत आहे. कागदी निगेटिव्हला कित्येक मिनिटे प्रकाश द्यावा लागे, तेवढ्यात चालता माणूस चित्रातून नाहीसा होई. झाडांची पाने धूसर आणि दगड मात्र स्वच्छ, तर प्रकाशदान दीर्घ होते. एखादा माणूस स्पष्ट दिसत असेल, तर त्याला तिथे थांबायला सांगितले होते, आणि ते बहुधा वास्तूची उंची कळावी म्हणूनच. अशी आकृती सापडली की ती मोजपट्टीसारखी वापरून दाराची उंची अंदाजे काढता येते.

उन्हावरून दिवसाची वेळ काढणे हा या सगळ्यातला सर्वांत आनंदाचा भाग. गॉथिक चर्चची वेदी साधारण पूर्वेला आणि मुख्य दर्शनी बाजू पश्चिमेला असते. त्यामुळे दर्शनी बाजूवर थेट ऊन दिसले की दुपार टळलेली आहे. दक्षिणेकडचे दार दिवसाचा बराच काळ उजळलेले असते. उत्तरेकडच्या दाराला त्या अक्षांशांवर फक्त उन्हाळ्यात, तेही पहाटे आणि संध्याकाळी, तिरपे ऊन मिळते, आणि म्हणून उत्तरेकडची शिल्पे जुन्या चित्रांत मऊ, सावलीविरहित प्रकाशात दिसतात. कोनाड्यातल्या मूर्तीची सावली कोणत्या बाजूला आणि किती लांब पडली आहे हे नकाशावर मांडले, तर तासाचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

कॅमेरा कोठे उभा होता

मनोऱ्याच्या उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकत नसतील, तर कॅमेऱ्याची लेन्स बसवलेली पट्टी वर सरकवलेली होती किंवा छायाचित्रकार समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर चढला होता. दुसरी शक्यता फार वेळा खरी ठरते, कारण १८५० च्या आसपास अनेक कॅथीड्रलभोवती घरांची इतकी दाटी होती की खालून मागे हटायला जागाच नव्हती. खिडकीची पातळी काढायची असेल तर चित्रातली आडवी कड, म्हणजे सज्जा किंवा कंगोरा, पाहावी. ज्या उंचीवरची कड सपाट दिसते, वर किंवा खाली कललेली दिसत नाही, ती कॅमेऱ्याच्या डोळ्याची उंची.

एका निगेटिव्हमध्ये सारे मावत नसे, तेव्हा तुकड्यांनी काम होई. बाल्द्यूसने आर्लच्या सें त्रोफिम मठाच्या ओवरीचे १८५१ मधले चित्र अनेक निगेटिव्ह जोडून तयार केले आणि सांधे कुंचल्याने बुजवले. म्हणून एकाच चित्रात अंगणातले ऊन आणि ओवरीतला काळोख दोन्ही सारख्याच स्पष्टतेने दिसत असतील, तर कौतुक करण्याआधी सांधा शोधावा.

काय नाही ते पाहावे

ही पायरी मी शेवटी ठेवली आहे, कारण आधीच्या सगळ्या पायऱ्या तिच्यासाठीच असतात. आजचे छायाचित्र आणि जुने छायाचित्र शेजारी ठेवून आज जे आहे आणि तेव्हा नव्हते त्याची यादी करावी. ल ग्रे आणि मेस्त्राल यांनी कार्कासोनची तटबंदी टिपली तेव्हा तिच्या बुरुजांवर आज दिसणारी निमुळती छपरे नव्हती. ती १८५३ मध्ये सुरू झालेल्या विओले-ल-द्यूकच्या जीर्णोद्धाराची देणगी. ज्यांना ती छपरे म्हणजेच मध्ययुग वाटते, त्यांना ते जुने चित्र अपुरे वाटण्याचा संभव आहे.

शार्ल नेग्रने १८५३ मध्ये नोत्र दामच्या वरच्या सज्जात घेतलेले प्रसिद्ध चित्र तर या बाबतीत चांगलाच चकवा देते. उंच टोपी घातलेला ल सेक एका शिंग असलेल्या दगडी राक्षसाशेजारी उभा आहे, आणि मीही हे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा राक्षस सहाशे वर्षांचा आणि माणूस आधुनिक असे मनोमन धरून चाललो होतो. वस्तुतः तो राक्षस काही वर्षांपूर्वीच जीर्णोद्धारात बसवलेला होता; शेजारी उभ्या असलेल्या ल सेकपेक्षा तो वयाने लहान. पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणारे गार्गॉइल म्हणजे दगडी पन्हळ. या राक्षसांना पाण्याशी काही देणेघेणे नाही, ते केवळ शोभेचे. चित्रात तोंडाला पन्हळ आहे की नाही हे पाहिले तरी निम्मा भ्रम दूर होतो.

उलट दिशेनेही हेच करावे: तेव्हा होते आणि आज नाही, त्याची यादी. रीम्सचे कॅथीड्रल १९ सप्टेंबर १९१४ रोजी तोफांच्या माऱ्यात पेटले, उत्तर मनोऱ्याच्या परांचीने आग पकडली, आणि दर्शनी बाजूवरच्या हसऱ्या देवदूताचे शीर तुटून पडले. ल सेकने १८५१ मध्ये तिथे घेतलेली चित्रे त्या आगीपूर्वीच्या दगडाची साक्ष आहेत. मोहिमेतून अडीचशेहून अधिक निगेटिव्ह आयोगाकडे आल्या होत्या आणि आयोगाने त्या प्रसिद्ध न करता कपाटात ठेवल्या. ज्या कामासाठी त्या घेतल्या, त्याच्याही पलीकडे त्यांचा उपयोग पुढच्या शतकात झाला.

मुंबईवर हात बसवावा

सरावासाठी मुंबईइतकी सोयीची जागा आपल्याला दुसरी नाही, पण इथे एक फरक लक्षात ठेवावा. युरोपात कॅमेरा जुन्या गॉथिकपाशी आला. मुंबईत मात्र कॅमेरा आधी आला आणि गॉथिक मागाहून. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, भाऊ दाजी तिचे सभासद होते, आणि तेव्हा फोर्टमधल्या आजच्या गॉथिक इमारतींपैकी एकही उभी नव्हती. म्हणून इथल्या चित्रांत जीर्णोद्धार शोधायचा नसतो, बांधकाम शोधायचे असते.

कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्ये खुले झाले, पण त्याचा उंच सुळका १८६५ मध्ये पुरा झाला. सुळक्याविना दिसणारे चित्र त्या सात वर्षांतले किंवा बांधकामाच्या काळातले. विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह १८७४ चे आणि शेजारचा ८५ मीटर उंच राजाबाई टॉवर १८७८ चा. सभागृह पूर्ण आणि टॉवर अपुरा असेल तर हातात अवघी चार वर्षे उरतात. समोर १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग दिसली की चित्र अर्थातच पुष्कळ नंतरचे. व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८ मध्ये पुरे होईपर्यंत कारखान्यात तयार होणाऱ्या जिलेटिनच्या कोरड्या काचा सर्वत्र पोहोचल्या होत्या आणि क्षणार्धात चित्र घेता येत होते, त्यामुळे टर्मिनससमोरचे टांगे आणि माणसे जागच्या जागी गोठलेली दिसतात. तीच जागा ओस दिसत असेल, तर तंत्रापेक्षा पहाटेची वेळ हे कारण अधिक संभवते.

उन्हाचे गणितही इथे थोडे बदलते. मुंबईत मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, म्हणजे शून्य सावलीच्या दोन दिवसांदरम्यान, दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. उत्तरेकडच्या भिंतीवर भर दुपारचे ऊन पडलेले दिसले, तर त्या चित्राचा महिना जवळजवळ हाती लागतो, कारण जूनच्या मध्यानंतर इथे तसे लख्ख ऊन विरळाच.

सगळे झाल्यावर निष्कर्ष एकाच वर्षात कोंबू नये. ‘१८५९ पूर्वी, सुळका नाही, राजांचे सज्जे रिकामे, ऊन दुपारनंतरचे, कागदी निगेटिव्ह, छाप बलकाच्या कागदावर, म्हणजे १८५० नंतरची’ अशा रीतीने प्रत्येक विधानापुढे त्याची खूण लिहावी. टिपण वेगळ्या कागदावर, मऊ पेन्सिलीने करावे आणि तो कागद छापेसोबत ठेवावा. छापेच्या पाठीवर शाईने काहीही लिहू नये. ती शाई काही वर्षांत पुढच्या बाजूच्या आभाळात उतरते.